जास्तीचं भोक

अक्कलकोट रोडला एमआयडीसीत
दुस्सांच्या शेडमध्ये बावीस माग,
आणि कोपऱ्यात, ऑफिस म्हणायचं म्हणून ऑफिस,
तिथं माझा सर्व्हर.
सुताची भुकटी बसू नये म्हणून वर टॉवेल टाकलेला.
मे महिना. हात ठेवला तर
ताप आलेल्या पोराचं कपाळ.

मी नाव सांगते, मग पासवर्ड.
पलीकडून नुसता आकडा येतो, दोनशे तीस.
म्हणजे, ये आत.

दुस्सांना एकदा समजावलं होतं,
दोन वाटा असतात. एकीवरून फक्त बोलणं,
दुसरीवरून माल.
ते म्हणाले, "मग बाजारासारखंच की.
फोनवर भाव, ट्रकात गठ्ठे."
पोर्ट एकवीस, पोर्ट वीस
माझ्या तोंडातच राहिले.

नान्ना दाराशी स्टुलावर बसतात.
कामावर नाहीत, येतात नुसते.
सदतीस वर्षं जकार्डची कार्डं टोचली
अशोक चौकाच्या मागच्या गल्लीत.
आलेखाच्या कागदावर लाल चौकोन दिसला की भोक,
पांढरा दिसला की नाही.
भोक आहे. भोक नाही.
हत्ती त्यातूनच यायचे, कमळंही.
"अहो, हेच तर बायनरी," कॉलेजात असताना मी म्हटलं,
तर तेलुगूत विचारलं,
पगार किती देतात त्याला?

त्या सकाळी मोराची फाइल पाठवली
नऊ नंबरच्या मागाला.
शंभर टक्के. दोनशे सव्वीस. पोचली.
चहा पिऊन आले तर
मल्लिनाथ डोक्याला हात लावून उभा,
आणि मोर
मानेपासून उजवीकडं सरकत निघालेला,
पिसारा एकीकडं, पाय भलतीकडं,
ओल्या रंगावरून कुणी बाही फिरवावी तसा.

पिंग केलं. चार गेली, चार परत आली.
केबल ओढून पाहिली,
स्विचचे हिरवे दिवे मोजले, सगळे जागे.
दुस्सा म्हणाले, "कंपनीला फोन लाव."

नान्ना उठले.
मोतीबिंदूला काय दिसणार,
बोटांनीच वाचलं कापड, सावकाश,
आणि एका ठिकाणी थांबले.
"इथं जास्तीचं घुसलंय.
म्हणून पुढचं सगळं ढकललं गेलं.
काही चुकलेलं नाही गं. वाढलंय."

मी आकार पाहिला.
पाठवली त्यापेक्षा मोठी होऊन पोचली होती फाइल,
एकशे अठरा बाइटांनी.
टेक्स्ट मोड.
मोराला चिठ्ठी समजून
जिथं जिथं ओळ संपल्यासारखी वाटली
तिथं तिथं यंत्रानं एकेक खूण घातली होती,
आपल्या मनानं, नीटनेटकेपणासाठी.
आमची विडी घरकुलातली आत्या
असाच निरोप पोचवते.
दोन शब्द पदरचे घातल्याशिवाय
तिला तो अपुरा वाटतो.

एक शब्द टाइप केला, बायनरी.
पुन्हा पाठवली. गेली, जशीच्या तशी.

दुपारी कडक भाकरी, शेंगाचटणी.
"तुमच्या वेळी असं भोक पडलं तर?"
"कागद चिकटवायचा, खळीनं.
वाळेपर्यंत थांबायचं."
"आणि कळलंच नाही तर?"
भाकरी मोडत राहिले.
"एकदा नाही कळलं.
फुलावर माशी बसल्यासारखा ठिपका.
सत्तर चादरी झाल्या तेव्हा शेठनं पाहिलं."
"मग?"
"पगारातून कापले."
पाणी प्यायले.
"गड्ड्याच्या जत्रेत संपल्या मात्र सगळ्या.
एक बाई तर तसलीच अजून एक मागत आली."

नऊ नंबर चालू होता, मोर कमरेपर्यंत आलेला.
नान्नांनी मान तिरपी केली.
"बारा नंबरचं बघायला सांग," म्हणाले,
"ताल चुकतोय."
मी ऐकलं. पुन्हा ऐकलं.
मला बावीसही सारखेच वाटले.