वजा जाता

नोटांच्या प्रेसमध्ये एकतीस वर्षं
मोजले ते अजून कुणाचेच नसलेले पैसे.
सुटीचा भोंगा झाला की गेटवर झडती,
डबा उघडा, खिसे उलटे.
रोज शून्य सिद्ध करून जेल रोडला.

घरी मात्र दर एकतीस मार्चला वहीचं एक पान:
डावीकडे आहे ते, उजवीकडे देणं.
फ्लॅट, शेजारच्या दिघोळेंचा गेला त्याहून थोडा कमीच धरून.
पीएफ. सोसायटीचे शेअर.
स्कूटर, दरवर्षी तीन हजारांनी म्हातारी.
सिंधूनं पाटल्या लिहू दिल्या नाहीत.
"त्या माझ्या वहीत," म्हणाली.
तिची वही मी अजून पाहिलेली नाही.

फ्लॅटच्या आधी, थोरलीच्या लग्नाच्या साली
उत्तर आलं होतं उणे दोन लाख चौदा हजार.
मुक्तिधामच्या दारात भांडं पुढे करणारा म्हातारा
माझ्यापेक्षा दोन लाखांनी श्रीमंत होता.
त्याला मी रुपया दिला.

साडू पुंडलिकचे उसने चाळीस हजार
बारा वर्षं डावीकडेच होते, पण पेन्सिलीनं.
परवा रामकुंडावर त्याचा दहावा.
कावळा शिवेना.
मुलगा म्हणाला, आईला सांभाळतो. सुनेनं हात जोडले.
ऊन डोक्यावर आलं.
मग मी पुढे झालो, पुटपुटलो,
"सोडले रे."
कावळा उतरला.
आकडाही विचारला नाही.

रात्री खोडरबर घेतलं.
एकूण चाळीस हजारांनी खाली आलं,
आणि खिशांची अस्तरं बाहेर लोंबत असल्यासारखं
हलकं वाटलं.

मग उजवी बाजू पुन्हा तपासत बसलो:
कुणाच्या वहीत मी
पेन्सिलीनं तर नाही ना?