रुंद दातांचा कंगवा

नंदगडला बाजाराच्या वाटेवर आप्पांचं दुकान:
एक खुर्ची, दोन आरसे,
पाटीवर कुणीतरी फासलेलं डांबर.
त्याखालून 'केशकर्तनालय'मधला 'केश' तेवढा वाचता यायचा.

एक नोव्हेंबर. शाळेला सुट्टी.
भर्माणा काका दंडावर काळी फीत बांधूनच दाढीला बसलेले,
फेसातून बोलत होते,
आपल्याच गावात आपण कसे परके,
आपली भाषा काढली की कचेरीत कसे हसतात.
आप्पा हूं हूं करत गळ्याखालून वस्तरा नेत होते.
मी बाकाच्या टोकाला, पाय हलवत.
सगळं पटत होतं मला.

तेवढ्यात इनास सिद्दी दारात आला,
जंगलाकडच्या वाडीतला, हातात मधाची बाटली.
मागे त्याची रुजाय.

चौथीत शेवटच्या बाकावर एकटी बसायची ती.
सोमवारी मी माझ्या पेन्सिलीचा तुकडा
मागून हळूच तिच्या केसांत खोचला होता.
तो पडला नाही.
प्रार्थना झाली, पाढे झाले, तो तिथेच,
आणि वर्ग हसत राहिला. गुरुजीसुद्धा, थोडे.

'कंगवा मोडंल गा तुझा,' बाकावरनं कुणीतरी.
भर्माणा काका हसले नाहीत. उठले.
'ह्याला ह्या खुर्चीत? मग आम्ही यायचं कुठं?'
आप्पा म्हणाले, 'सावकाश जावा. कानामागं फेस ऱ्हायलाय.'
काका तसेच गेले, फेसासकट.
मागोमाग निम्मा बाक.

मला वाटलं, आता आप्पा काहीतरी मोठं बोलणार,
धड्यातले बाप बोलतात तसं.
त्यांनी खुर्ची पुसली, रोज पुसत तशीच.
चादर झटकली.
इनासच्या डोक्यावर हात ठेवून जरा घुटमळले,
आणि सव्वीस वर्षं कात्री चालवलेला माणूस
आरशात बघत म्हणाला,
'हे केस मला येत नाहीत गा.
तू सांगशील तसं कापतो.'

इनास आधी गप्प. मग सांगायला लागला,
अर्धं कोकणी, अर्धं आमचं:
कोरड्यावर नको, पाणी मार, मुळातनं ओढू नको.
आप्पा चुकत होते,
कात्री थांबवून पुन्हा विचारत होते.
माझा बाप कुणाकडून काही शिकताना
मी तोवर पाहिला नव्हता.

रुजाय पावडरच्या डब्यापाशी आली.
फ्रॉकच्या खिशातून पेन्सिलीचा तुकडा काढून
फळीवर ठेवला.
त्याला टोक केलेलं होतं.
माझ्याकडे बघितलंही नाही तिनं.

रात्री आप्पांनी विचारलं, 'कुणाची ही?'
मी सांगितलं. थोडं. मग सगळं.
मारलं नाही त्यांनी. बराच वेळ कंदिलाची काच पुसत बसले.
मग हातात झाडू दिला.
मी उगीच शहाण्यासारखं म्हटलं,
'खाली पडल्यावर सगळे केस सारखेच ना, आप्पा?'
'सारखे कशाला? वेगळेच हाईत की. नीट बघ.'
मी वाकले. बारीक बारीक वळणं,
मोडक्या घड्याळातून निघालेल्या कमानींसारखी,
बोटानं दाबली की पुन्हा उठणारी.
'बघितलीस? आता झाड.'

पुढे दोन वर्षं भर्माणा काका दाढीला खानापूर गाठायचे,
वर बसचं तिकीट.
आप्पांनी बेळगावहून रुंद दातांचा कंगवा आणला.
महिन्या-दोन महिन्यांनी एकदाच लागायचा तो,
तरी आरशाखाली सगळ्यांत पुढे असायचा.

आणि मी, दुसऱ्या दिवशी शाळेत,
शेवटच्या बाकावर जाऊन बसले.
रुजायनं दप्तर उचलून मध्ये ठेवलं.
त्याच्या पुढच्या दिवशीही.
मला बोलायचं होतं. जीभ उचलली नाही.
आप्पांसारखं 'मला येत नाही' म्हणणं
इतकं जड असेल असं दुकानात वाटलं नव्हतं.

नाताळ झाल्यावर कधीतरी
तिनं माझ्याकडं खोडरबर मागितला.
मी दिला.
तिनं खोडलं, फुंकर मारली, परत दिला.
दप्तर मध्येच होतं.