ओल

सित्रातल्या दवाखान्यात, ड्रेसिंगच्या खोलीत
मला आधी विचारावं लागतं:
कोलंबी चालते का तुम्हाला?
गांधी उठणं, ओठ सुजणं, घसा धरणं, असं काही?
कुणी म्हणतं, सिस्टर, जेवायला बोलावताय का.

मुनाफ फजंदार हसला नाही.
यार्डातल्या वाफेच्या नळीनं त्याचा डावा हात
कोपरापासून मनगटापर्यंत
उकडलेल्या रताळ्यासारखा सोलून ठेवला होता.
दात आवळून म्हणाला, मी श्रीवर्धनचा.
सोड्यांच्या वासात जन्मलो.
त्याचं आता काय?

त्याचं असं, की ही ट्यूब.
कोलंबीची टरफलं आधी आम्लात बुडवतात, मग क्षारात उकळतात.
चुना जातो, रंग जातो, वासही जातो,
आणि उरतात साखरेच्या लांबच लांब साखळ्या,
जिभेला मुळीच गोड न लागणाऱ्या.
त्यांच्या वेटोळ्यांत पाणी अडकून बसतं,
सांडत नाही, आटत नाही लवकर,
जखमेवर थंड पडून राहतं.

आई हर्णैच्या धक्क्यावर उकिडवी बसून
टोपलीवारी कोलंबी सोलायची.
टरफलांचा ढीग माडाच्या बुंध्याशी,
बोटांना काट्यांच्या चिरा.
रात्री बोटं मिठाच्या पाण्यात,
मग कंदिलाच्या काचेजवळ धरून: सुकू दे.
माझा गुडघा फुटला, सुकू दे.
भावाच्या पायात शिंपला घुसला, हळद दाब, सुकू दे.
खपली धरली की बरं झालं,
एवढंच वैद्यक होतं घरात.

आणि मी इथे, ऑगस्टात,
बाहेर पत्र्यावर हात ठेवला तर कातडी चिकटते अशा दुपारी
माणसांना सांगते, सुकू देऊ नका.
जखमेच्या काठावरून नवी पेशी सरकत येते,
तिला सरपटायला ओल लागते.
कोरड्या खपलीखालून तिला
बोगदा खणत यावं लागतं.

उम्म जासिम, आमची फरशी पुसणारी,
बादली ठेवून ऐकत होती.
तिच्या आजोबांच्या वेळी, म्हणाली,
या खारट पाण्याच्या तळाशी गोडे झरे होते.
मोती काढणारे मशक घेऊन बुडायचे,
झऱ्याच्या तोंडाशी धरायचे,
तोंड आवळून वर यायचे.
समुद्रातून प्यायचं पाणी!
मुनाफनं हाताकडे पाहिलं.
जेलमधून आतलं सगळं दिसत होतं,
लाल, ओलं, जिवंत.

रोज संध्याकाळी तो घरी व्हिडिओ कॉल लावायचा,
डावा हात उशीखाली.
म्हातारी ओरडायची, असा तिरका काय बसलायस?
हा सांगायचा, कूलरचा वारा लागतो.

पहिल्या दिवशी कुणीतरी यार्डातच गॉज गुंडाळलं होतं,
ते काढताना तो आईला हाका मारत होता, अल्लाला नंतर.
जेल तसं नाही.
सलाइनचं थोडं पाणी सोडलं की सुटतं,
काही न ओढता.
धरून ठेवलेल्या गोष्टी अशा सुटलेल्या
मी फार पाहिल्या नाहीत. असो.

अकराव्या दिवशी काठाकाठानं गुलाबी आलं,
एका बाजूला जास्त, मनगटाशी अजून हट्टी लाल.
त्यानं त्या रात्री कॅमेऱ्यासमोर हात धरला.
पलीकडे बराच वेळ नुसता पंख्याचा आवाज.
मग: केस येतील का रे त्याच्यावर?

मीही फोन केला हर्णैला.
आईला सांगितलं, तू फेकलेल्या टरफलांचं
इथे माणसांच्या हातावर काय होतं ते.
तिला वाटलं, थट्टा करते.
मग गप्प झाली.
मग म्हणाली, टरफलाला किलोमागं काय देतात गं?

ट्यूब हातातच होती.
कागदावर दिनारात आकडा होता.
रुपयांत करून सांगायचं
मी टाळलं.