वीस दशांश नऊ

आधी कुलूप, ओन्नी. हत्यारं नंतर.
मुख्य स्विचवर माझं लाल, तुझं पिवळं,
आणि तुझी किल्ली तुझ्याच खिशात.
मी मागितली तरी द्यायची नाही.
गोड बोलून मागेन, बघ.

बाहेर उणे अठ्ठावीस.
आखात गोठून थेट स्वीडनकडे पांढरं गेलंय,
आणि लगद्याच्या कारखान्याचा तो वास,
ज्याला इथले लोक पैशाचा वास म्हणतात.
थोड्या वेळाने तुझं नाक म्हणेल, गेला वास.
नाकासमोर चालणारा पोरगा तू,
पण इथे नाकाचं ऐकू नकोस.
हा वायू वाढला की आधी नाकालाच झोपवतो.

नमुन्याची नळी चिमणीपासून उताराने आण,
मध्ये कुठे पोट सुटू देऊ नकोस.
पोटात पाणी साचतं, पाण्यात गंधक विरघळतं,
मग पडद्यावरचे आकडे शपथेवर खोटं बोलतात.
सिलिंडरला साखळ्या दोन, कंबरेला आणि खांद्याला,
दारू प्यायलेल्या मामाला होडीत बसवावं तशा.
सांध्यावर साबणाचं पाणी.
बुडबुडा? मग पुन्हा.

आता हा नायट्रोजन.
याला वास नाही, रंग नाही, राग नाही.
प्रत्येक श्वासात मोठा वाटा याचाच,
म्हणून शरीर याला घरचा समजतं,
कोण आलं म्हणून विचारतसुद्धा नाही.
तू म्हणतोस, इर्मेली, याची कसली भीती?

एस्केलिनेन म्हणून एक होता.
निकासाची नळी भिंतीबाहेर काढायची राहिली होती,
उद्या काढू म्हणाला.
खोली एवढीच. दार लावलेलं, थंडी म्हणून.
पुढचं मी जेवणाच्या सुट्टीत सांगणार नाही,
कधीच सांगणार नाही.
फक्त एवढं, की
दार लावून घे असं मीच म्हटलं होतं.

म्हणून निकास बाहेर, तोंड खाली,
आणि रोज सकाळी टोकाचा बर्फ फोडायचा.
म्हणून दारात ही बर्चची पाचर.
गारठलास तर गारठ.

कॉलरचा मीटर काढून तू मला दाखवतोस:
वीस दशांश नऊ.
“बरोबर आहे ना?”
साधी हवा आहे, बाळा. एवढीच असते.

बरं, दमलास, मी उघडते, दे ती किल्ली.

“नाही,” म्हणालास,
आणि तोंडातून वाफेचा
केवढा ढग निघाला.