ढिली दोरी

फेब्रुवारीत माझं मनगट मोडलं,
स्ट्रॉमनेसच्या फरसबंद गल्लीत, मासळीच्या दुकानासमोर.
टोरला मांजर दिसलं होतं.
किंवा दिसलंसं वाटलं होतं.
एवढ्यावर अठ्ठावीस किलोंनी दिशा ठरवली
आणि मी, टपाल कचेरीत बत्तीस वर्षं काढलेली बाई,
बर्फावरून पोटावर घसरत गेले त्याच्यामागे
चुकीच्या पत्त्यावर निघालेल्या पार्सलासारखी.

प्लास्टर निघालं त्या दिवशी एडविन रेंडल आला.
पिशवीत साखळी. साखळीला आतून दात.
बोथट आहेत, म्हणाला, बोट लावून बघ.
मी बोट लावलं.
बोटाला काय कळणार, बोट म्हणजे मान नव्हे.

“कानांमागे, उंच बसव. ओढलं की झटका.
दोनदा. तिसऱ्यांदा तुला काही करावं लागणार नाही.”
फाटकाशी त्याच्या तिन्ही कॉली बसल्या होत्या,
एकमेकींपासून सारख्या अंतरावर,
आसपास मेंढी नसतानाही.

त्याचं खरं होतं. दोनदाच.
पहिल्यांदा टोर केकाटला.
दुसऱ्यांदा नाही. फक्त मागे वळून पाहिलं,
माझ्याकडे नव्हे, माझ्या डोक्यावर,
आभाळातून काय पडलं ते शोधत.
मी केलं हे त्याच्या ध्यानातच आलं नाही.
मला हायसं वाटलं.
ते हायसं वाटणं मी कुणाला सांगितलं नाही.

मग आम्ही नीट चालू लागलो.
दोरी ढिली, वाऱ्यात झोके घेणारी,
हातात उगाच धरलेली.
बेकरीतली मॉरा म्हणाली, “शहाणा झाला की गं!”
शहाणा टोर चॅपलजवळच्या खांबापुढून
मान खाली घालून गेला.
त्या खांबावर अख्ख्या गावाची टपालं येतात.
रोज चार-चार मिनिटं वाचायचा,
पुन्हा पहिल्यापासून वाचायचा,
उत्तरही तिथल्या तिथे द्यायचा.
आता सगळं न फोडता तसंच.

तिसऱ्या आठवड्यात ब्रिंकीज ब्रेच्या चढावर
माझा दम अर्ध्यातच संपला.
वय झालं, म्हटलं.
मग लक्षात आलं, ही टेकडी मी कधी चढलेच नव्हते,
इतकी वर्षं तो मला वर ओढून नेत होता.
तो थांबला होता, मी चालेन म्हणून.
मी थांबले होते, तो ओढेल म्हणून.
खाली बंदरात फेरी लागली, माणसं उतरली,
गाड्या उतरल्या, फेरी रिकामी झाली,
आणि आम्ही दोघं तिथेच,
मधे ती ढिली दोरी.

घरी येऊन साखळी काढली.
मानेवरचे केस दोन रांगांत दबलेले,
बोटांनी उलटे फिरवले तरी उठेनात.

आता छातीवरचा साधा पट्टा, खिशात वाळवलेला मासा.
ओढलास की मी खांब होते
(इथे झाडं फारशी नाहीत),
दोरी सैल सोडलीस की एक पाऊल.
परवा कोपऱ्यापर्यंत जायला पन्नास मिनिटं लागली.
काल बावन्न.
मॉरा काचेआडून बघते, काही म्हणत नाही.
मनगट अजून दुखतं, थंडीत जास्त.
मांजर दिसलं की अजूनही सगळं व्यर्थ.

एडविननं पट्टा परत मागितला नाही,
मीच सांगितलं: फाटकाला बांधलाय,
वाऱ्यानं आपटत होतं, आता आपटत नाही.
“बरं केलंस,” म्हणाला. वळला.
तेवढ्यात वारा आला, साखळी किणकिणली,
आणि त्याची धाकटी, जेस,
रस्त्याच्या मधोमध, कुणी हातही न लावता,
पोट जमिनीला टेकवून बसली.

एडविन बुटाची नाडी बांधायला वाकला.
बराच वेळ बांधत राहिला.