बोरस्ते झेरॉक्स, सातपूर

"बायोडेटा, रेझ्युमे की सीव्ही?"
बोरस्तेंचा मुलगा विचारतो, मान वर न करता.
बाहेर आयटीआय सिग्नलचे हॉर्न, आत लॅमिनेशनचा वास.

पेनड्राइव्हमध्ये एकच फाईल निघते, सतरा वर्षांपूर्वीची.
वर श्री गजानन प्रसन्न.
उंची पाच फूट दोन. वर्ण निमगोरा.
रास, नाडी, मामा पिंपळगाव बसवंतचे.
"यातच बदल करू, ताई. वीस रुपये वाचतील."

गणपती जातो.
उंची जाते, मशीनला काय करायचीय.
मामा जाताना जरा वाईट वाटतं.
त्या जागी येतात
व्हर्निअर, मायक्रोमीटर, अंबडला दोन वर्षं
तपासणी विभागात.
पुढे कोरं.

"इथे काय टाकू? गॅप दिसतोय."
टाक, सासऱ्यांचं डायलिसिस, आठवड्यातून दोनदा,
एकही तारीख चुकली नाही.
तो टाइप करतो. थांबतो. पुसतो.
"एका पानात बसत नाही, ताई."

शेवटची ओळ तेवढी जुनीच राहिलेली.
अपेक्षा :
तेव्हा ती अण्णांनी भरली होती,
निर्व्यसनी, स्वतःचं घर.
आता नुसता कर्सर लुकलुकतोय.

"आकडा सांगा."
मी सांगते.
तो टाइप करायच्या आत
दोन हजार वाढवून सांगते.