रुमालाखाली

बाई आली ती मार्चात, हळदीच्या सौद्याला.
नाकाला मास्क, तरी शिंकत होती.
मार्चात आमच्या यार्डातली हवाच पिवळी असते,
हे सांगून कळत नाही.

दुभाष्या म्हणाला, या दिलफुझा.
यांच्या देशाला समुद्र नाही,
गाठायचा तर दोन परके देश ओलांडावे लागतात.
म्हटलं, सांगलीला तरी कुठंय?
आम्ही कृष्णेवर भागवतो.

जगाच्या बाजारात मेंबर व्हायचंय त्यांना.
किती वर्षं झाली, विचारलं.
बाईनं दोन्ही हातांची बोटं उघडली, मिटली,
पुन्हा उघडली.
अर्ज टाकला तेव्हा थोरली पहिलीत होती,
परवा तिचं लग्न झालं.

प्रश्नांचं नुसतं पेव फुटलंय म्हणे
(शब्द दुभाष्याचा, तो मिरजेचा).
कापसाला सरकार किती देतं?
पावाचा भाव कोण ठरवतं?
नाक्यावर तीन शिक्के कशाला, एक का नाही?
आणि तिसरा शिक्का मारणारा कुणाचा मेव्हणा?
हे शेवटचं कागदावर नसतं, ती हसून म्हणाली.
एकेका उत्तरापायी एकेक कायदा नवा.
तेराशे उत्तरं लिहिली तिनं,
चष्म्याचा नंबर दोनदा बदलला.

मग एकेका देशाशी वेगळं बसायचं, दार लावून.
कुणाला साखरेवर जकात कमी हवी,
कुणाला विम्याच्या धंद्यात शिरायचंय.
आणि एकाला जे कबूल केलं ते सगळ्यांना लागू.

हे मात्र मला लगेच कळलं.
मी रुमाल काढला, पसरला तिच्या हातावर
आणि खालून बोटं धरली,
माझा बाप धरायचा तशी.
समोर राजापुरी हळकुंडाचा ढीग.
मी दोन बोटं दाबली, तिनं एक सोडवून घेतलं.
मी परत धरलं. तिनं अंगठा आत वळवला.
हमाल थांबून बघत राहिले.
तोंडावर काहीच नाही बाईच्या,
तेराशे उत्तरं लिहिलेला चेहरा.
शेवटी मीच शंभरानं खाली आलो.

चहाला तिनं विचारलं, बाबगोंडा
(बाबकोंदा म्हणाली, असू दे),
आत गेल्यावर काय होतं?

काय सांगणार.
मला लायसन मिळालं तेव्हा
दोन जामीन, बापाची जुनी वही,
आणि कमिटीतल्या सात जणांची मान हलायला हवी होती.
सातवा तीन महिने गावालाच होता.
गेलो आत. गाळा मिळाला, बोर्ड लागला,
पुढं कमिटीतही बसलो.
आणि कवलापूरचा सिदगोंडा अर्ज घेऊन आला तेव्हा
मीच म्हणालो, जामिनाची सही जुळत नाही.
जुळत होती.

दुभाष्यानं यातलं किती सांगितलं, ठाऊक नाही.
ती बराच वेळ बशीकडे बघत होती.

जाताना तिनं कागदाची पुडी दिली,
त्यांच्याकडचा बेदाणा. लांब, हिरवा, सावलीत वाळवलेला.
एक खाल्ला. दुसरा खाल्ला.
तासगावात माझ्या साडूचं शेड आहे, बेदाण्याचंच.
पुडी मी अजून त्याला दाखवलेली नाही.

संध्याकाळी तिला हरिपूरला नेलं, पेवं बघायला.
संगमाजवळ, मातीच्या पोटात,
हळद वर्षानुवर्षं न किडता झोपते तिथं.
म्हादू पेवकऱ्यानं तोंड उघडलं
आणि आधी कंदील सोडला दोरीनं.
ती म्हणाली, माणूस का उतरत नाही?
म्हादू म्हणाला, आत हवा कसली आहे
ते आधी दिव्याला विचारायचं.
विझला तर थांबायचं. राहिला तर उतरायचं.

ती वाकली, गुडघे मातीत टेकून.
खाली कंदील बारीक झाला,
निळा झाला, थरथरला,
आणि आम्ही तिघं काही न बोलता
दोरीकडे बघत राहिलो.